पट्ट्याचा ब्रेक आणि पेटंटची चाळणी

घाट उतरणाऱ्या एस.टी.त पुढच्या बाकावर बसायला मिळाले, तर ड्रायव्हरच्या हातापायांकडे लक्ष द्या. उतार लागला की तो खालचा गिअर टाकतो आणि गाडी आवरण्याचे काम इंजिनावरच सोपवतो. ब्रेकवर पाय पडतो तो अधूनमधून, बेताने. ब्रेक सारखा दाबून ठेवला तर तो तापतो, आणि फार तापलेला ब्रेक नेमक्या गरजेच्या वेळी दगा देतो. अचानक करकचून दाबला, तर उतारूंची डोकी पुढच्या बाकावर आपटतात.

आता अशी एक गाडी डोळ्यांपुढे आणा, की जी एक किलोमीटर लांब आहे, जिला पुढचे टोक नाही आणि मागचेही नाही, जी दिवसरात्र उताराने खाली येत असते आणि जिच्यावर ड्रायव्हर नाही. खाणीतून खनिज खाली आणणारा वाहक पट्टा, म्हणजेच कन्व्हेयर, ही तशी गाडी आहे. पिठाच्या गिरणीतला पट्टा तुम्ही पाहिला असेल. तो फक्त चाक फिरवतो. खाणीतला पट्टा रबराचा, आतून कापडाच्या किंवा पोलादी दोरांच्या थरांनी बळकट केलेला असतो, आणि तो स्वतःच्या पाठीवर माल वाहतो. त्याच्याखाली ओळीने रोलर असतात, दोन्ही टोकांना मोठे ड्रम असतात, आणि माल ओतून रिकामा झालेला पट्टा खालच्या बाजूने परत वर जातो.

पट्टा चढावर माल नेत असेल तर मोटर त्याला ओढते. उतारावर उलटे होते. माल आपल्या वजनाने पट्ट्याला खाली ओढतो, पट्टा मोटरला फिरवू लागतो आणि मोटर वीज निर्माण करते. चिलीमधील लोस पेलांब्रेस या तांब्याच्या खाणीत तीन टप्प्यांतले जवळजवळ १३ किलोमीटर लांबीचे पट्टे खनिज सुमारे १,३०० मीटर खाली आणतात आणि उतरता उतरता खाणीला वीज पुरवतात. ही वीज निर्माण करण्यात मोटरवर जो भार पडतो, तोच पट्ट्याला आवरून धरतो. एस.टी.च्या इंजिनाचेच हे काम!

पण बाहेरचा वीजपुरवठा खंडित झाला तर? मोटरची पकड त्या क्षणी सुटते.

दहा सेकंदांचे गणित

वही-पेन्सिल घ्या. पट्टा १ किलोमीटर लांब आहे, उतार दहास एक, वेग सेकंदाला ३ मीटर आणि माल तासाला १,००० टन. तासाला १,००० टन म्हणजे सेकंदाला सुमारे २७८ किलोग्रॅम. हा माल ३ मीटरवर पसरतो, म्हणून दर मीटरवर ९३ किलोग्रॅम आणि संपूर्ण पट्ट्यावर ९३ टन कोळसा कोणत्याही क्षणी असतो. त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा उताराच्या दिशेने ओढतो. तो होतो सुमारे ९१,००० न्यूटन. रोलर आणि पट्टा यांच्या घर्षणात यांपैकी ३१,००० न्यूटन खर्च होतात असे धरू. उरले ६०,००० न्यूटन. कोळसा, पट्टा आणि फिरणारे रोलर मिळून हलणारे वस्तुमान १६० टन धरले, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण येते सुमारे ०.३७ मीटर प्रति सेकंद वर्ग. फार नाही, असे वाटेल. पण दहा सेकंदांत ३ मीटरचा वेग पावणेसात मीटरच्या जवळ पोहोचतो. कोळसा उडू लागतो, पट्टा रोलरवरून सरकतो, आणि खालच्या टोकाशी माणसे काम करीत असतात.

तेव्हा ब्रेक हवाच. पण केवढा? हा पट्टा १० सेकंदांत थांबवायचा तर मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, ०.३ हवे. त्यासाठी ४८,००० न्यूटन, शिवाय खाली ओढणारे ६०,००० न्यूटन झेलायचे. एकूण १,०८,००० न्यूटन. थांबेपर्यंत पट्टा १५ मीटर पुढे जातो. बल गुणिले अंतर केले, की ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता मिळते: सुमारे १६ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने पाच लिटर पाणी उकळायला लागेल, तेही दहा सेकंदांत!

मग जरा सावकाश थांबवू, असे कोणी म्हणेल. ३० सेकंद घेतले तर बल कमी लागते, ७६,००० न्यूटन. पण पट्टा ४५ मीटर जातो आणि उष्णता ३४ लाख ज्यूलच्या वर जाते. सावकाश थांबवल्याने ब्रेक दुपटीहून अधिक तापतो, हे मला स्वतःला पहिल्यांदा गणित करताना खरे वाटले नव्हते. कारण सोपे आहे. थांबेपर्यंत माल खाली उतरतच असतो आणि त्याची स्थितिज ऊर्जाही ब्रेकलाच गिळावी लागते. कोळशाच्या खाणीत ही साधी गैरसोय नव्हे. तेथे हवेत मिथेन वायू असू शकतो आणि सगळीकडे कोळशाची भुकटी बसलेली असते. म्हणून भुकटीचा थर साचण्यासारखी जागा असेल तेथे यंत्राच्या पृष्ठभागाचे तापमान १५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत घातलेली आहे.

आणखी एक पेच राहिला. भरलेल्या पट्ट्यासाठी बेतलेला १,०८,००० न्यूटनचा ब्रेक पट्टा रिकामा असताना लागला तर काय होईल? आता हलणारे वस्तुमान फक्त ६७ टन. खाली ओढणारे कोणी नाही आणि घर्षण उलट ब्रेकच्याच मदतीला. मंदन १.८ वर जाते आणि पट्टा पावणेदोन सेकंदांत थांबतो. एका बाजूला पट्टा ताणला जातो, दुसऱ्या बाजूला ढिला पडून रोलरवरून उचलला जातो, आणि सांधे कमकुवत होतात. ब्रेक एकच, भरल्या पट्ट्याला जो जेमतेम पुरतो, तो रिकाम्याला जीवघेणा होतो.

एक अर्ज

समजा, चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील एका इंजिनिअरने या पेचावर तोड काढली. (हा इंजिनिअर आणि त्याचा ब्रेक मी कल्पिलेला आहे. असे जगात कोणी केलेच नसेल, अशी हमी मी देणार नाही. तसे शोधणे किती अवघड असते, हेच तर आता पाहायचे आहे.) त्याने ड्रमच्या आसावर एक पोलादी तबकडी बसवली. जोरदार स्प्रिंगा दोन्ही बाजूंनी ब्रेक-पॅड तबकडीवर दाबतात; पट्टा चालू असताना तेलाचा दाब या स्प्रिंगांना मागे रेटून धरतो. दाब गेला की ब्रेक लागतो. त्याची खरी युक्ती पुढे आहे. आसाच्या टोकाला त्याने एक छोटे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, लावले. पण घट्ट नव्हे, एका मऊ स्प्रिंगच्या आधाराने. आस एकसारखा फिरतो तेव्हा चाकही बरोबर फिरते. आसाचा वेग कमी होऊ लागला, की जडत्वामुळे चाक थोडे पुढे जाते, जसे ब्रेक लागताच बसमधले आपण पुढे झुकतो. मंदन जितके जास्त, तितकी स्प्रिंग जास्त पिळली जाते. हा पीळ एक झडप उघडतो, दाबटाकीत साठवलेले थोडे तेल ब्रेककडे जाते, आणि स्प्रिंगांची पकड तेवढीच सैल होते. पट्टा भरलेला असो वा रिकामा, मंदन ०.३ च्या आसपास राहते. विजेचा यात कोठेही संबंध नाही. दाबटाकी गळून रिकामी झाली, तर झटका बसेल, पण पट्टा थांबेल.

इंजिनिअरने पेटंटसाठी, म्हणजे एकस्वासाठी, मुंबईच्या कार्यालयात अर्ज केला. भारतात पेटंटची चार कार्यालये आहेत: कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चेन्नई. कायदा १९७० चा, अमलात आला २० एप्रिल १९७२ रोजी, आणि त्यानंतर अनेकदा सुधारला गेला. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे ते यंत्र दुसऱ्या कोणाला परवानगीवाचून बनवता येत नाही. त्याच्या मोबदल्यात अर्जदाराला आपली युक्ती आकृत्यांसह उघड करावी लागते. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि कोणालाही वाचता येतो.

अर्जाचा गाभा म्हणजे शेवटचे ‘दावे’. नेमके कशावर हक्क मागतो ते तेथे लिहायचे. कितीही लांबले तरी एक दावा म्हणजे एकच वाक्य, अशी या लेखनाची रीत आहे. मराठीचे मास्तर ते पाहून कपाळाला हात लावतील. आपल्या इंजिनिअरने पहिला दावा असा केला: ‘स्प्रिंगांनी लागणारा आणि तेलाच्या दाबाने सुटणारा, खाणीतील वाहक पट्ट्याचा ब्रेक.’ चौथा दावा होता: ‘असेच दोन ब्रेक एकाच आसावर.’

अर्ज गेला एका परीक्षकाकडे. त्या एक बाई आहेत असे धरू. त्यांच्यापुढे तीन प्रश्न असतात. हे जगात कोठेही, कोणत्याही भाषेत आधी प्रसिद्ध झाले आहे का? झाले नसेल, तर या विषयातल्या जाणकार माणसाला ते सहज सुचण्यासारखे होते का? आणि ते उद्योगात वापरता येईल का? तिसऱ्याचे उत्तर येथे उघड आहे. सगळी लढाई पहिल्या दोहोंची.

शोध घेण्यासाठी जगभरची पेटंटे विषयवार लावलेली असतात. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारातून आलेल्या या वर्गीकरणात वाहक पट्टे ‘बी ६५ जी’ या खणात सापडतात, ब्रेकची रचना ‘एफ १६ डी’मध्ये, आणि वाहनांच्या ब्रेकचे नियंत्रण ‘बी ६० टी’मध्ये. इंजिनिअरने पहिला खण चाळला होता. परीक्षक तिन्ही चाळतात.

पहिला दावा लगेच कोसळतो. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये आगगाडीच्या हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा हवेचा दाब आला की ब्रेक लागत असे. नळी फुटली तर गाडीला ब्रेकच नाही. १८७२ मध्ये त्याने गोष्ट उलटी केली. नळीतला दाब कमी झाला की ब्रेक लागेल! म्हणजे ‘बिघाड झाला की थांबा’ हे तत्त्व दीडशे वर्षांचे जुने. तेलाने सुटणाऱ्या स्प्रिंगांचे ब्रेकही खाणीच्या यंत्रांवर कधीपासून आहेत. असा दावा मंजूर झाला असता, तर आज चालू असलेल्या कित्येक ब्रेकांचे मालक रातोरात अपराधी ठरले असते. परीक्षकाने दावा छाटायचा तो याच कारणाने, अर्जदाराशी वैर म्हणून नव्हे.

चौथ्या दाव्यावर त्या कायद्याच्या कलम ३ (फ) वर बोट ठेवतात. माहीत असलेली साधने नुसती निराळ्या रीतीने मांडली किंवा त्यांची संख्या दुप्पट केली, आणि प्रत्येक साधन स्वतंत्रपणे आपले नेहमीचेच काम करीत असेल, तर तो शोध नव्हे. याच विचाराचा एक गाजलेला निकाल आपल्याकडे आहे. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या कारखान्यांत लेथवर फिरणारे भांडे कधी निसटून उडत असे. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या संस्थेने भांड्याला दुसऱ्या टोकाने टेकू देणाऱ्या साधनाचे पेटंट १९५० च्या दशकात मिळवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. असा टेकू लेथवर पूर्वीपासून माहीत होता. ही कारखान्यातल्या कारागिराने सहज करावी अशी सुधारणा आहे, शोध नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. त्या टेकूने कामगार वाचत असतील, पण न्यायालयापुढचा प्रश्न तो नव्हता.

विमानाचे चाक

राहता राहिले फ्लायव्हील. इंजिनिअरला खात्री होती की ते कोठेच सापडणार नाही. ‘बी ६५ जी’मध्ये ते नव्हतेच. पण दुसऱ्या खणात परीक्षकांना ब्रिटनच्या डनलॉप कंपनीचे ‘मॅक्सारेट’ सापडले. विमान धावपट्टीवर उतरताना ब्रेकने चाक अडकले तर ते घसरत जाते आणि टायर फाटतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या या साधनात चाकाबरोबर एक फ्लायव्हील फिरे. चाक एकाएकी मंदावले, की फ्लायव्हील पुढे पळे, झडप उघडे आणि ब्रेकमधला तेलाचा दाब सुटे. पुढे १९६६ च्या जेन्सन एफएफ या मोटारीतही ते बसवले गेले.

अहवालात परीक्षक लिहितात: फ्लायव्हील जडत्वाने पुढे जाऊन झडप उघडते, ही कल्पना प्रसिद्ध आहे, ती विमानावरून पट्ट्यावर आणणे जाणकाराला सहज सुचेल.

उत्तराला सहा महिने मिळतात. आपला इंजिनिअर दोन रात्री झोपला नसेल. पण तिसऱ्या दिवशी त्याने दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या असतील. मॅक्सारेटचे फ्लायव्हील ‘सोड’ किंवा ‘धर’ एवढेच सांगते. चाक अडकू लागले की दाब सोडायचा, चाक सावरले की पुन्हा धरायचे. शिवाय तेथे दाबाने ब्रेक लागतो, येथे दाबाने सुटतो. पट्ट्यावर असे सोड-धर करीत राहिले तर एक किलोमीटर रबर दोरीउडीच्या दोरीसारखे हेलकावू लागेल. त्याच्या रचनेत मऊ स्प्रिंगेचा पीळ मंदनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून झडपही थोडीथोडी उघडते आणि पकड सलगपणे कमीजास्त होते. पट्ट्यावर किती माल आहे हे न मोजता त्याचा परिणाम मात्र सांभाळला जातो, तोही वीज नसताना. मॅक्सारेट वाचून हे कोणाला सहज सुचले असते का?

येथे प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. माझे मत इंजिनिअरच्या बाजूने झुकते. यंत्र उलटे बसवण्यात विशेष काही नाही, परंतु सोड-धरऐवजी प्रमाणशीर नियंत्रण आणणारी ती एक स्प्रिंग पुष्कळ काही करून जाते. मात्र परीक्षक आणखी एक गोष्ट मागतात, आणि ती अगदी रास्त आहे. स्प्रिंग किती मऊ? चाक पुढे-मागे डोलत राहू नये म्हणून काय केले? दुसऱ्या इंजिनिअरला अर्ज वाचून तसे यंत्र बनवता आले पाहिजे. नाहीतर उघड काय केले आणि २० वर्षांचा हक्क कशाबद्दल मागितला? सुदैवाने आकृती २ मध्ये चाक तेलात बुडवलेले आहे आणि वर्णनात स्प्रिंगेचे माप दिलेले आहे.

शेवटी चौथा दावा गळतो. पहिला दावा आता ११ ओळींचा होतो. त्यात स्प्रिंगा आणि तेल यांच्या जोडीला फ्लायव्हील, मऊ स्प्रिंग, प्रमाणात उघडणारी झडप आणि विजेविना चालणारी दाबटाकी हे सर्व एकत्र असलेच पाहिजे. यांतले एक वगळून कोणी ब्रेक बनवला, तर त्याला हा दावा सहसा अडवणार नाही.

आता आकृती ३ पाहा. दोन्ही बाजूंचे पॅड आणि त्यांच्या स्प्रिंगा एकाच पोलादी दांड्याने ओढून धरलेल्या आहेत. ३० जुलै १९७३ रोजी इंग्लंडमधील मार्कहॅम कोळसाखाणीत माणसांना खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या यंत्राचा ब्रेक निकामी झाला. तेथेही ब्रेकच्या स्प्रिंगांचे बल एकाच दांड्यातून जात होते. सुमारे दोन इंच जाडीचा तो पोलादी दांडा वर्षानुवर्षांच्या वाकण्याने आतून चिरत गेला आणि तुटला. पिंजरा तळावर आदळला. १८ माणसे मेली, ११ जबर जखमी झाली. बिघाड झाला की लागणारा ब्रेकच तेथे बिघडला होता.

परीक्षकांनी मार्कहॅमबद्दल वाचले असेल, तरी अहवालात त्या दांड्यावर हरकत घेता येत नाही. दांडा एक आहे की दोन, याने शोध नवा किंवा जुना ठरत नाही. दुसरा दांडा घातला, तर कलम ३ (फ) च्या दृष्टीने ती नुसती दुप्पट. खाणीत बसवण्याजोगा ब्रेक आहे की नाही हे पाहणारे खाते निराळे. धनबादला खाण सुरक्षा महासंचालनालय आहे, आणि तेथील तपासणीत पेटंटचा कागद दाखवून सुटका होत नाही. पण अर्ज प्रसिद्ध झालेला आहे. आकृती ३ कोणालाही पाहता येते, आणि दांड्याशेजारी २४ हा आकडा ठळक छापलेला आहे.